घशाची तालीम

आता काय सांगू तुम्हाला! माणसाने गाढवपणा जरूर करावा, पण निदान बैलांसमोर तरी करू नये.

पिंपरीत औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता, तेव्हाची गोष्ट. आम्ही मोशीचे. माझ्या वडिलांनी, तात्यांनी, शपथच घातली होती: बैलगाड्यांची शर्यत जिंकल्याशिवाय डोक्याला फेटा बांधणार नाही. आणि त्यांची जोडी पळायची ती फक्त माझ्या आरोळीवर. सराव करता करता ऐन जत्रेच्या तोंडावर माझा घसाच बसला!

कारखान्यामुळे पिंपरीत एक डॉक्टर राहायला आले होते. त्यांनी माझ्या घशात इवलासा आरसा घातला आणि समजावलं, की स्वरयंत्रात बारके बारके स्नायू असतात. श्वास घेताना काही स्नायू स्वरतंतू दूर सारतात, बोलताना काही जवळ आणतात, आणि वरच्या सुरासाठी एक जोडी त्यांना ताणून धरते.

"तुमचे स्नायू थकलेत. जत्रेपर्यंत मौन. कुजबुजसुद्धा नको."

स्नायू! राव, तालमीत वाढलेल्या माणसापुढे हा शब्द काढायचा का? आमच्याकडे स्नायू थकला की त्याला झोपवत नाहीत, आणखी जोर काढायला लावतात. आमच्या वस्तादांनीही मिशीवरून हात फिरवत मेहनत वाढवायला सांगितलं.

झालं! मानेला गूळ-हळदीचा लेप थापून मी रोज विहिरीत उतरू लागलो. स्वरतंतू जवळ आणणाऱ्यांसाठी खालच्या पट्टीत 'ओ', ताणणाऱ्यांसाठी वरच्या पट्टीत 'ई'. शेजारच्या काकू तर विहिरीत कोल्हा पडला म्हणून दोर घेऊन धावत आल्या.

शेवटी घसा टम्म सुजला. वस्ताद खूश.

"सुजला? म्हंजी भरतोय!"

शर्यतीचा दिवस उजाडला. तात्या बोडक्याने उभे, नवा फेटा काखेत. झेंडा पडला. मी छाती भरून तोंड उघडलं, आणि काय सांगू, नुसतं फुस्स! सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी हवा. पुन्हा जोर लावला, पुन्हा फुस्स.

बैलांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्यातला सर्जा जोडीदाराला ओढत, गाडीसकट माझ्यापाशी आला आणि मानेवरचा गूळ चाटू लागला. शर्यत कोणी जिंकली ते मला दिसलंच नाही. मध्ये बैलाची जीभ होती.

संध्याकाळी गोठ्यात तात्या बैलांना वैरण घालत होते. मला लाजेने रडू फुटलं. तात्या, माझ्यामुळे तुमचं डोकं उघडं राहिलं, असं कसंबसं पुटपुटलो.

तात्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"माझं नुसतं उघडं हाय, बाळा. तुझं रिकामं हाय."