पांढरी साडी आणि अस्थिधातू

सहा महिने माझ्याकडे अमेरिकेत सांता क्लाराला राहून आईने एकच हट्ट धरला होता. तासाभरावरच्या बौद्ध मंदिरात बुद्धांचे अस्थिधातू आहेत, ते बघायचे. मी मीटिंगांची कारणं देत तो हट्ट शेवटच्या रविवारपर्यंत रेटला; सोमवारी तिचं परतीचं विमान. खरं कारण वेगळं होतं. इथल्या मराठी मंडळींत आडनावावरून चौकशा सुरू होतात, म्हणून आम्ही बौद्ध आहोत हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी ओळखीचं भेटलं तर?

आई विहारात जाताना नेसते तशी पांढरीशुभ्र साडी नेसून निघाली. मंदिर चिनी लोकांचं. दारातल्या बाईंनी आम्हाला पाहून चेहरा पाडला, हळुवारपणे बाजूच्या दालनात बसवलं, हातात उदबत्त्या दिल्या. आई आदरातिथ्यावर खूश. भिंतीवर मृतांच्या नावांच्या पाट्या दिसल्या तेव्हा माझी ट्यूब पेटली. यांच्याकडे पांढरं म्हणजे सुतक.

खुलासा होईपर्यंत तीन वाजून गेले. वरच्या मजल्यावरच्या म्युझियममध्ये पोचलो तर एक वृद्ध भिक्खू अस्थिधातूंच्या आतल्या खोलीला कुलूप लावत होते. दर्शन रविवारी तीनपर्यंतच; आता पुढच्या रविवारी या, म्हणाले. मी हुज्जत घालायला लागले.

"राहू दे गं. भांडू नको त्यांच्याशी," आई म्हणाली. "मी इथूनच वंदना करते."

ती गुडघे धरत बंद दारासमोर बसली आणि खणखणीत आवाजात पालीतून त्रिशरण म्हणू लागली. लोक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या ओळीला भिक्खूंनी तिच्या आवाजात आवाज मिसळला. उच्चार जरा वेगळे, शब्द तेच. संपल्यावर त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे कोणी शिकवलं? मी आईला विचारलं.

"आमच्या वस्तीतल्या विहारात. सहा वर्षांची होते तेव्हा."

मी ते सांगितलं. त्यांनी कुलूप उघडलं.

काचेच्या लहानशा स्तूपात मोहरीएवढे तीन कण होते. आई कितीतरी वेळ हात जोडून बघत राहिली. मागोमाग म्युझियममधले वीसेक लोक आत आले. भिक्खूंनी बाजूला होऊन आईला पुढची जागा दिली, आणि आईने पंचशील सांगितलं. सगळे तिच्यामागून म्हणत होते, मीही.

बाहेर पडताना एका काकूंनी मला थांबवलं. "अय्या, मराठी का तुम्ही? या कोण?"

"माझी आई," मी म्हटलं. "आम्ही नागपूरचे बौद्ध." आणि त्यांनी न विचारताच माझं आडनावही सांगून टाकलं.