एका नंबरावरच्या दोघी जावा

धाटावच्या कंपनीत मी बारा वर्षं गोदामाचा साठा कॉम्प्युटरवर सांभाळत होतो. आमचा विभाग बंद झाला, तेव्हा पेणच्या एका धर्मादाय दवाखान्यात नोंदी ठेवायचं काम मिळालं. रोह्याहून सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत. रसायनांच्या पिंपांच्या जागी आता पेशंट आहेत, बाकी काम तेच, असं मी घरी सांगत असे.

त्या हिवाळ्यात दवाखान्याने खाडीकाठच्या एका गावात बायकांच्या रक्ताची तपासणी केली. बहुतेकजणी मिठागरात राबणाऱ्या. शिबिर दोन दिवस चाललं. रक्त घेण्याचं काम आमच्या गडबच्या सिस्टरकडे होतं. त्या निवृत्तीला आलेल्या, आणि प्रत्येकीची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवणाऱ्या. मी सगळे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवले. ज्यांचं रक्त फार कमी निघालं त्यांना मोबाइलवर मेसेज पाठवून पेणला बोलवायचं होतं.

काही बायका दोन्ही दिवशी येऊन गेल्या होत्या. त्या दोनदा धरल्या जाऊ नयेत म्हणून वेगळ्या बायका किती ते काढायला हवं होतं. नावांवरून जमेना. अर्ध्या गावाचं आडनाव एक, आणि एकाच बाईचं नाव दोन फॉर्मांवर दोन तऱ्हांनी लिहिलेलं. मग मी मोबाइल नंबर धरला. एक नंबर म्हणजे एक बाई. आकडा चटकन आला, एकशे एकतीस. मेसेजची यादीही मी त्याच पद्धतीने काढली आणि मेसेज पाठवले.

दोन महिन्यांनी शिबिराचा अहवाल छापायच्या आधी त्याची प्रत घेऊन सिस्टर माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, ह्यात कायतरी चुकलंय. माझ्या वहीत एकशे अठ्ठावन्न बायका हायत."

"दुसऱ्यांदा आलेल्या तुम्ही परत मोजल्या असतील."

"नाय सर. परत आलेलीच्या नावापुढं फुली हाय. त्या सोडून सांगते. एकेकीचं बोट मी हातात धरलंय."

त्यांनी वही पुढे केली. मी ती उघडलीसुद्धा नाही. "कॉम्प्युटर मोजतो तेव्हा चुकत नाही," असं म्हणालो. त्या गेल्या, वही मात्र टेबलावर ठेवून गेल्या.

जेवणानंतर मी तपासायला बसलो ते त्यांना खोटं पाडायलाच. आधी सगळ्या नोंदी मोजल्या. वहीतल्या फुल्या धरून होणाऱ्या बेरजेशी त्या बरोबर जुळल्या. म्हणजे चढवण्यात एकही फॉर्म गळला नव्हता. मग ज्या नंबरावर एकाहून जास्त नोंदी होत्या ते नंबर बाहेर काढले. दोनदा आलेल्या बायका दिसतील अशी माझी खात्री होती. पहिल्याच नंबराखाली तीन वयं होती. बासष्ट, अडतीस, एकोणीस. सासू, सून आणि नात. घरात फोन एकच, आणि मी तिघींची एक बाई केली होती. पुढे ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्या दिसल्या. त्यांची नंबराची जागा रिकामी होती, आणि अशा मोजणीत रिकामी जागा धरलीच जात नाही. त्या बायका माझ्या हिशेबी शिबिराला आल्याच नव्हत्या.

शिबिरात सिस्टरांनी प्रत्येक बाईला एकच पावती दिली होती; वहीतल्या त्या पावती क्रमांकांवरून मी पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठावन्न. पण प्रश्न आकड्याचा नव्हता, मेसेजच्या यादीचा होता. रक्त फार कमी असलेल्यांपैकी चौघींना मेसेज गेलाच नव्हता.

मी वही घेऊन सिस्टरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी आपण दोघं जाऊ."

तिघी घरीच भेटल्या. चौथी मिठागरात होती. पस्तिशीची बाई, डोक्यावर मिठाची टोपली, ओठ पांढरेफटक. सिस्टर तिला म्हणाल्या, "अगो, तुला दम लागतोय, कवापासून?"

"बरेच दिवस झाले. पन माझ्या जावंला दवाखान्यातनं बोलावनं आलं, मला नाय आलं. मंग म्हटलं, मी बरी हाय."

तिच्या जावेने आणि तिने शिबिरात एकच नंबर दिला होता, हिच्या नवऱ्याचा. यादीत जावेची नोंद आधी होती, म्हणून मेसेज जावेच्याच नावाने गेला.

तिला त्याच दिवशी पेणला आणलं, रक्त चढवलं. तपासण्यांत गर्भाशयाचा कर्करोग निघाला. तिला मुंबईला पाठवलं. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना मी विचारलं, "दोन महिने आधी आली असती तर?" त्यांनी रिपोर्ट मिटून ठेवला. "सांगता येत नाही," म्हणाल्या. "पण ते दोन महिने तिचे होते."

गणपतीच्या आधी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी त्या गावी गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. तिचा नवरा ओटीवर बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं, की मेसेज आला नाही ती चूक माझी, मी दोघींना एक धरलं.

"मेसेज मीच वाचला व्हता," तो म्हणाला. "वहिनीला बोलावलंय म्हनून सांगितलं. हिला इचारलं पन नाय, तुझं काय म्हनून."

दारात त्याची वहिनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आता ती चिडेल, बाहेर काढेल, असं मला वाटलं. काढलं असतं तर मी निमूट गेलो असतो.

"सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "आमी सगली तिलाच बोल लावत व्हतो. दुखनं लपवलं, अंगावर काढलं म्हनून. ती आजारी असताना तिच्या तोंडावर बोललोय आमी."

मग ती आत गेली. आतून तिचं रडणं ऐकू येऊ लागलं. नवरा उठला नाही. त्याने ओटीवर थोडं सरकून मला बसायला जागा केली, आणि मी बसलो.