माठातली हातोडी

मुलुंडला एका छोट्या कारखान्यात मी फिटर होतो. इंग्रज साहेब देश सोडून सात-आठ वर्षं झाली होती, पण त्यांची यंत्रं गेली नव्हती. धापा टाकणारी तेलाची इंजिनं, दात पडलेले लेथ, असला सगळा म्हातारा माल दुरुस्तीला आमच्याकडे यायचा. अशा यंत्रावर लोखंडी हातोडी चालवायची नाही, हा कारखान्यातल्या थोरल्या मिस्त्रींचा पहिला धडा. जुनं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं, यंत्राच्या दांड्याचं तोंड चेपतं. तांब्याची हातोडी मऊ असते. मार ती स्वतः खाते, यंत्राला लागू देत नाही. माझ्याकडे तशी एक होती, मारून मारून कडा फुललेली.

एका गुरुवारी तिचा लाकडी दांडा तडकला. नवा बसवायचा म्हणून मी तिचं डोकं घरी आणलं, मोरीच्या कडेला ठेवलं आणि विसरलो.

रविवारी सकाळी कोपऱ्यावरचा गिरणीवाला दारात आला. "मिस्त्री, गिरणी बंद आहे. बेअरिंग गेलंय, आणि पुली निघत नाही. बायका डबे घेऊन उभ्या आहेत. तुम्ही येताय का मी घण घालू?"

"घण घालू नका. आलोच," म्हटलं आणि हातोडी शोधायला लागलो. मोरी बघितली, पलंगाखाली बघितलं. बायकोने तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला. माझे सासरे चेंबूरहून चार दिवस राहायला आले होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, पोटाच्या तक्रारीने बेजार. ते पेपर वाचत बसले होते.

"काय शोधताय?"

"हातोडीचं डोकं, बाबा. तांब्याचं."

"ते होय. ते माठात आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बायकोने झाकण काढलं. तळाशी माझी हातोडी, चिंच लावून लख्ख घासलेली, देवासारखी बसली होती.

"तांब्याचं पाणी पोटाला उत्तम," सासरे म्हणाले. "तुमच्या घरात तांब्याचं भांडं नाही. हे सापडलं. जावईबापू, तीन दिवस पोट कसं अगदी घड्याळासारखं चाललंय."

तीन दिवस चहाला ग्रीसचा वास येत होता. त्यावरून मी दूधवाल्याला बोललो होतो, आणि त्यानेही मला बरंच ऐकवलं होतं. बायको तोंडाला पदर लावून मोरीत निघून गेली.

मी हातोडी मागितली, तर सासरे ती द्यायला तयार होईनात. शेवटी तडजोड झाली, की तेही बरोबर येतील. ओल्या पंच्यात हातोडीचं डोकं गुंडाळून, टोपी घालून ते माझ्यापुढे चालायला लागले. वाटेत मी त्यांना मऊ हातोडीचं शास्त्र सांगितलं.

गिरणीत पोचलो तर गिरणीवाल्याने घण उचललेलाच होता. सासरे आडवे आले. "खबरदार. बीड तडकेल. जुन्या यंत्राला मऊ धातू लागतो." जन्मभर हेच करत आल्यासारखे ते म्हणाले. गिरणीवाल्याने घण खाली ठेवला आणि त्यांना बसायला स्टूल दिलं. मला दिलं नाही.

मी बरोबर आणलेला नवा दांडा बसवून पाचर मारली, पुलीच्या सांध्यात रॉकेल सोडलं आणि मागून ठोकायला सुरुवात केली. एक ठोका, पुली थोडी फिरवायची, पुन्हा ठोका. प्रत्येक ठोक्याला सासरे कळवळायचे. "हळू. अहो, हळू." अर्धा तास झाला, पुली जागची हलेना. माझा खांदा भरून आला.

"आणा इकडे," ते म्हणाले. "तुम्ही नुसती फिरवा."

नाही म्हणायला माझ्यात त्राण नव्हतं. त्यांनी हातोडी घेतली आणि ठकठक, ठकठक सुरू केलं. हलके, भराभर, एकसारखे ठोके. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा माणूस तीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारत होता. त्यांचा एक ठोका दुसऱ्यापेक्षा जड पडत नव्हता, आणि मुख्य म्हणजे ते थकत नव्हते. रांगेतल्या बायका डबे खाली ठेवून बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "आजोबा, अजून दोन." त्यांनी वीस मारले. पुली केसभर सरकली, मग बोटभर, आणि एकदम निघून माझ्या मांडीवर आली. मी मागे पडलो तो भिंतीवर, आणि त्या धक्क्याने वरच्या वाशांवर कित्येक वर्षं साठलेलं पीठ आम्हा दोघांवर कोसळलं.

पुली शाबूत होती. एक ओरखडासुद्धा नव्हता. मी बेअरिंग बदललं, पट्टा चढवला, आणि बारापर्यंत गिरणी चालू झाली. बायका माझ्याकडे न बघता सासऱ्यांना नमस्कार करून गेल्या. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर ते ठोके माझ्याच्याने झाले नसते.

मी आमच्या चाळीच्या खालच्या नळावर तोंड धुवायला थांबलो. सासरे तसेच वर गेले. भस्म फासल्यासारखे नखशिखान्त पांढरे, दाढीच्या खुंटांत पीठ, डोळे तेवढे लाल. बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, "पुढच्या घरी जा, बाबा. अजून स्वयंपाक व्हायचाय."

"अगं, बाबाच आहे मी," ते म्हणाले. ती घाबरून किंचाळली, आणि त्या आवाजाने मजल्यावरची सगळी दारं उघडली. ते त्यांच्या पथ्यावर पडलं. आंघोळीला ते दुपारी दोन वाजता गेले. तोवर प्रत्येक दारात उभं राहून, जुन्या यंत्राची पुली कशी काढतात, ते समजावून सांगत होते.