दुर्बिणीची झोप

कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तपासायचं तिचं काम. कुपी दिव्याखाली धरायची, अलगद फिरवायची आणि आतलं औषध गरगरू लागलं की आधी काळ्या पाटीसमोर पाहायचं, मग पांढऱ्या. काळ्यासमोर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यासमोर काळा. कापडाचा तंतू, काचेचा चुरा, बुचाच्या रबराचा भुगा, काहीही असो, दिसलं की कुपी लाल ट्रेमध्ये. शेजारच्या खुर्चीवरच्या बायका म्हणायच्या, हिच्या नवऱ्याची काही खैर नाही, शर्टावरचा केस ही रस्त्यापलीकडून ओळखेल.

नवऱ्याची खैर नव्हती हे खरं, पण कारण वेगळं होतं. तो प्लंबर. त्याच्या दोन्ही किडन्या हळूहळू निकामी झाल्या होत्या. जन्मभर लोकांचे नळ मोकळे केले आणि तुंबलो मी, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पुढे पुढे तेही सांगेनासा झाला. शेवटी धाकट्या बहिणीने आपली एक किडनी त्याला दिली.

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नणंद-भावजयींना समोर बसवलं. शरीर परक्याला ओळखतं आणि हाकलून लावतं, म्हणाल्या. बहिणीची असली तरी किडनी परकीच. ती टिकावी म्हणून गोळ्या द्यायच्या, त्या अंगातल्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवतात. पण पहारेकरी गुंगीत असले की दुसरंही कुणी आत शिरतं. तुमचा-आमचा दोन दिवसांचा खोकला यांच्या जिवावर बेतू शकतो. खोकणारं माणूस घरात नको. ताप आला, अगदी कणभर, तरी थेट इथे यायचं.

कणभर हा शब्द दुर्बिणीला नेमका कळला.

तिने कायमची रात्रपाळी मागून घेतली. लोक ती टाळायचे, तेव्हा लगेच मिळाली. हिशेब सरळ होता. रात्री नणंद येऊन भावाजवळ झोपेल आणि सकाळी टपालकचेरीत कामाला जाईल. दिवसभर घरात आपण. एका माणसावर दोन जागरणं पडतात, हे हिशेबात कुठे आलंच नाही.

घर तिने कुपीसारखं ठेवलं. चपला जिन्यातच. कामावरचे कपडे दाराआडच्या बादलीत. हात कोपरापर्यंत धुवायचे, मग दाराची कडी, दिव्याची बटणं, नळाची चावी पुसून काढायची. गादीवरची चादर रोज उकळत्या पाण्यातून. पडदे तिने पहिल्याच आठवड्यात काढून टाकले. धूळ धरतात. उघड्या खिडक्यांतून ऊन थेट तिच्या अंथरुणावर यायचं. त्या उजेडात ती सकाळच्या गोळ्यांनंतर जरा आडवी व्हायची, मग स्वयंपाकाला उठायची, दुपारच्या गोळ्यांनंतर पुन्हा जरा. डोळे मिटले तरी पापण्यांआड तांबडं ऊन पेटलेलं असायचं. त्यात कण तरंगायचे आणि ती ते मोजत पडायची.

नणंद तोंडाची फटकळ. संध्याकाळी दारात उभी राहून म्हणायची, मी दादाला नाही, माझ्या मालाला बघायला आलेय, नीट ठेवलाय ना? भाऊ हसायचा. हात धुताना ती मनगटापाशीच थांबायची आणि दुर्बीण ते बघायची. एकदा नणंदेने गंभीर होऊन सांगितलं की मी दुपारपासून रजा टाकत जाते. तू माझ्या घरी जाऊन झोप, तिथे जाड पडदे आहेत, काळोख असतो. दुर्बिणीने हसून टाळलं. म्हणाली, झोप काय, मेल्यावर आहेच की.

"पण आधी कोण मरणार, ते ठरवून घे वहिनी," नणंद म्हणाली.

टाळायला नणंदेच्या अर्धवट धुतलेल्या हातांचं कारण खरंच होतं, पण त्याच्या खाली आणखी एक होतं. नणंदेने किडनी दिली होती. नातेवाईक येऊन तिच्या पाया पडायचे बाकी होते. आपण काय दिलं? द्यायला जवळ झोपच होती, ती दुर्बीण देत होती. आणि देताना बरं वाटत होतं.

शरीर मात्र बारीकसारीक निरोप धाडत होतं. फुटलेल्या कुपीने बोट कापलं, ती चीर मिटेना. वरवर कातडं धरायची आणि पुन्हा उकलायची. ओठाच्या कडेला फोड आला, गेला, परत आला. पहाटे हुडहुडी भरायची. रात्रपाळीच्या सगळ्याच बायकांना पहाटे थंडी वाजते, तेव्हा तिने वर एक स्वेटर चढवला आणि विषय संपवला. कारखान्याने सर्वांना फ्लूची लस टोचली, तेव्हा नर्सने बजावलं की आज-उद्या पुरेशी झोप घ्या. दुर्बीण हो म्हणाली. घरी गेली आणि चादरी उकळत घातल्या. आता आपल्याला काही होणार नाही, असं तिने नवऱ्याला सांगितलं. त्याच्यासाठीच तर टोचून घेतली होती.

मग विभागात खोकला फिरला. एकेक बाई दोन दिवस घरी राहून परत आली. दुर्बिणीला खोकला झालाच नाही. उलट दोघींचं काम तिने एकटीने ओढलं आणि मनात म्हणाली, बघा.

एका सकाळी पाळी सुटताना तपासनीस बाईंनी तिला थांबवलं. त्यांच्या हातात एक कुपी होती. दुर्बिणीने पास केलेली, दुसऱ्या तपासणीत सापडलेली. बाईंनी कुपी पांढऱ्या पाटीसमोर धरली. आत काळा भुगा फिरत होता. एक कण नव्हे, चांगला चिमूटभर. आंधळ्यालाही दिसला असता. दुर्बिणीने कुपी हातात घेतली आणि पाहतच राहिली. तिचा हात गरम लागला म्हणून बाई चपापल्या. त्या तिला रागावल्या नाहीत, हाताला धरून कारखान्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

तिथल्या डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, छातीला नळी लावली, बराच वेळ पाठ ऐकली. ताप आज आलेला नाही, म्हणाले. दोन-तीन दिवस अंगात असावा. तुम्हाला कळलं कसं नाही?

तिने थंडीचं आणि स्वेटरचं सांगितलं. मग हट्टाने म्हणाली, पण मी लस घेतली होती.

डॉक्टरांनी विचारलं की लस घेतल्यावर झोपलात का? चादरी उकळायच्या होत्या, ती म्हणाली. ते चिडले नाहीत, थकल्यासारखे बोलले. अंगातल्या पहारेकऱ्यांनाही पाळ्या असतात, आणि त्या घड्याळावर नाही, उजेडा-अंधारावर लागतात. रात्री माणूस गाढ झोपला की ते रक्तातून निघून मानेतल्या, काखेतल्या गाठींमध्ये जमतात. दिवसा कोण परका दिसला ते एकमेकांना सांगतात, त्याची ओळख पक्की करतात.

"लस म्हणजे नुसता फोटो दाखवणं," ते म्हणाले. "ओळख पटते ती झोपेत. तुम्ही त्यांना बसू दिलंच नाही."

तशी लस घेऊनही कुणी कुणी आजारी पडतंच, तुमच्याच बाबतीत हेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, असंही ते म्हणाले. पण ते तिच्या कानात शिरलंच नाही. नवऱ्याच्या पहारेकऱ्यांचं जे गोळ्यांनी झालं, ते आपण आपल्यांचं आपल्या हातांनी केलं. त्याच्या गोळ्यांना निदान काही कारण होतं. तिने विचारलं, घरी जाऊ ना? डॉक्टरांनी घरी कोण आहे ते विचारलं. तिने सांगितल्यावर ते पेन खाली ठेवून तिच्याकडे पाहू लागले.

ती घरापर्यंत गेली. जिन्यात चपला काढल्या आणि दारासमोर अनवाणी उभी राहिली. कडी तिनेच काल पुसली होती, चकचकीत होती. तिने कडीला हात लावला नाही. जिन्यातूनच टपालकचेरीत फोन करून नणंदेला बोलावलं. मग दोन पायऱ्या खाली उतरून बसली आणि नवऱ्याला हाक मारली.

तो दाराशी आला. उघडायला लागला तेव्हा तिने नको म्हटलं. मला ताप आहे, म्हणाली.

"तुला कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"ठीक आहे."

"खरं सांग."

त्याने घसा खाकरला. "काल दुपारपासून जरा खवखवतंय. तुझा तेवढ्यात डोळा लागला होता. म्हटलं, कशाला उठवा."

तिने कपाळ कठड्याला टेकलं. आठवड्यात एकदाच तिला गाढ झोप लागली होती, आणि त्याने ती जपली होती. रात्री त्याने बहिणीलाही सांगितलं नाही, सकाळी ही आली की सांगू म्हणून.

नणंद मास्क लावून आली. येताना टॅक्सी घेऊन आली होती. जिन्यातल्या नळावर तिने हात धुतले. कोपरापर्यंत, सावकाश, वहिनीकडे बघत. मग आत जाऊन भावाला घेऊन बाहेर पडली. दुर्बीण जिना सोडून खाली रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती. टॅक्सीत तिला जागा होती, पण बसता येत नव्हतं. नवऱ्याने काचेतून हात हलवला. नणंदेने खिडकीतून आपल्या घराची किल्ली टाकली. ती रस्त्यावर पडली. टॅक्सी निघून गेल्यावर दुर्बिणीने ती उचलली.

नणंदेच्या घरी जाड पडदे होते, ते तिने ओढले. भर दुपारी खोली काळीकुट्ट झाली. ती पडून राहिली. श्वास घेताना छातीत बारीक करकर ऐकू येत होती. फोन उशाशी होता.

तो वाजला तेव्हा नणंद हळू आवाजात बोलत होती, म्हणजे वॉर्डात असावी. दाखल करून घेतलंय. ताप चढतोय. रक्त तपासायला पाठवलंय. गोळ्या कमी कराव्यात तर किडनी जाते, तशाच चालू ठेवाव्यात तर ताप जिंकतो. डॉक्टरीणबाई मधला रस्ता शोधतायत. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही.

दुर्बिणीने विचारलं, मी काय करू? येते, दाराबाहेर बसते, काही पुसायचं, उकळायचं असेल तर.

"माझ्याजवळ द्यायला एकच होती वहिनी," नणंद म्हणाली. "ती दिली. आता नवीन कुठून आणू? तू झोप."

फोन बंद झाला. खोलीत पाहण्यासारखं काही उरलं नाही. काळ्यासमोर काळं. कुठेतरी दूर, तिला न दिसणाऱ्या एका अंगात, गुंगीतले पहारेकरी उठायचे की नाही ते ठरत होतं, आणि त्यात तिचं काही काम नव्हतं. ती कुशीवर वळली, हात उशीखाली घातले आणि डोळे मिटले. ते मिटून राहीनात, तेव्हा तळवे त्यांच्यावर दाबून धरले.