मुलुंडच्या खोलीतलं गाऱ्हाणं

आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. वडील गिरणीत होते. मी जनावरांची डॉक्टर झाले आणि ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या एका दवाखान्यात लागले. चाळीत बायका 'ढोरांची डॉक्टर' म्हणायच्या. मी म्हणायचे, हो, तीच.

दुखण्यातून सोडवायचं इंजेक्शन देताना मालकाला बाहेर काढायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. पहिल्या वेळी मी तसंच केलं. एका बाईंना दाराबाहेर बसवलं. टेबलावर धरून ठेवलेला त्यांचा म्हातारा अल्सेशियन मान वळवून वळवून दाराकडे बघत राहिला. हलला, शीर हुकली, पुन्हा टोचावं लागलं. नंतर बाईंनी एवढंच विचारलं, "मला शोधत होता का हो?"

मी नाही म्हटलं. खोटं बोलले. त्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात राहिला: मी सोडवते की मारते? उत्तर मिळालं नाही तर हे काम पुन्हा करायचं नाही, असं ठरवलं.

काही महिन्यांनी मुलुंडहून एक गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांच्या गावठी कुत्र्याच्या जबड्यात मोठी गाठ झाली होती. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. मी घरी जाऊन बघितलं. औषधाने होण्यासारखं काही उरलं नव्हतं. ठरवलेलं बाजूला ठेवून, आता याला सोडवणंच बरं, असं सांगितलं. म्हातारे मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. दोनदा मला "उद्या ये" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "माणसांचो डॉक्टर होवंक मार्क कमी पडले काय गो तुका?"

"दोन कमी पडले."

ते हसले. मग म्हणाले, "आज कर."

कुत्र्याला त्यांनी आंघोळ घालून उंबऱ्याजवळ, उघड्या जमिनीवर ठेवलं होतं. माणसाला शेवटी खाली घेतात, तसं. लादी गार होती आणि तो कुडकुडत होता. मी म्हटलं, "आजोबा, याला मांडीवर घ्या. तुम्ही कुठेही जायचं नाही. आधी मी झोपेचं औषध देईन. गाढ झोपला की मगच दुसरं."

"मिया हंय बसलंय तर चलात?"

"तुम्हीच पाहिजे."

त्यांनी त्याला मांडीवर घेतलं. कुडकुडणं थांबलं. मी सुई भरली, तोच म्हाताऱ्यांनी हात वर केला. "थांब. गाऱ्हाणा घालूचा हा."

मुलगा, सून, शेजारच्या वहिनी, सगळे हात जोडून उभे राहिले. म्हातारे मोठ्याने बोलू लागले, "बा देवा म्हाराजा, तेरा वर्सां ह्येना माझा दार राखल्यान. आता तेका सुखान ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आणि ह्या चेडवाच्या हातून आज जा काय घडतला, तेचो दोष तेका लागांक देव नको रे म्हाराजा."

मी मान वर केली. एवढ्या दिवसांत हे मी कोणापाशी बोलले नव्हते, आईपाशीसुद्धा नाही. "व्हय म्हाराजा," सगळ्यांबरोबर मीही म्हणाले.

पहिल्या इंजेक्शनानंतर तो म्हाताऱ्यांच्या पोटात नाक खुपसून झोपला. घोरलासुद्धा. दुसरं दिलं तेव्हा शीर पहिल्याच टोचणीत सापडली. घोरणं थांबलं, बाकी काही नाही. मी कान लावून ठोका ऐकला, मग सांगितलं, "गेला."

"कळाक पण नाय," म्हातारे म्हणाले. हात त्याच्या कानावरून फिरतच होता.

तेव्हापासून मी मालकाला कधी बाहेर काढलं नाही. शिकवणारे नाराज झाले, होवोत. कोणी तुळशीचं पान ठेवतं, कोणी कानात काही सांगतं. मी थांबते. घाईने करायचं हे काम नाही.

मुलुंडहून त्या दिवशी मी लगेच निघाले नाही. सुनेने चहा दिला, तो त्यांच्यातच बसून प्यायले. खांद्यावरचं ओझं कोणी उतरवून ठेवावं, तसं वाटत होतं. शेजारच्या वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "माझे चार बांगडे पळवले होते मेल्याने, आठवतंय?"

"चार खंय? दोन," म्हातारे म्हणाले. "दोन मिया खाल्लंय."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग आम्ही सगळेच हसलो, तो मांडीवर असतानाच.