औषधाआधीचं रक्त

बायकोला मल्टिपल स्क्लेरॉसिस असल्याचं निदान झालं तेव्हा आम्ही नेरुळला राहत होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते, हे वाक्य मी नातेवाइकांना इतक्यांदा ऐकवलं की ते बातमीच्या पहिल्या परिच्छेदासारखं पाठ झालं. ऐकणारा मान हलवायचा आणि विचारायचा, "म्हणजे पॅरालिसिसच ना?"

ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. स्टेरॉइड देऊनही डावा पाय नीट उचलेना, तेव्हा डॉक्टरांनी कॅन्सरच्या रुग्णांना देतात त्यातलं एक औषध सुचवलं. ते पेशींमधला डीएनए मोडतं, त्यामुळे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तिने विचारलं, "माझ्या पेशींतला डीएनए आधीच मोडलेला असेल तर?"

"मॅडम, तुम्ही फार वाचता," डॉक्टर म्हणाले.

प्रश्न हवेतला नव्हता. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत या आजाराच्या रुग्णांची गुणसूत्रं तपासण्याचं काम चालू होतं. त्यांच्या रक्तपेशींत तुटलेली गुणसूत्रं जास्त दिसतात का, हे तिथल्या लोकांना पाहायचं होतं. तिथल्या संशोधक बाईंनी फोनवर दोन अटी घातल्या. रक्त औषध सुरू होण्याआधीचं हवं, नाहीतर गुणसूत्रांतली तूट आजाराची की औषधाची ते कळणार नाही. आणि पेशी जिवंत पोचायला हव्यात, कारण त्या वाढवल्यावरच गुणसूत्रं दिसतात. नळी फ्रीजमध्ये ठेवू नका. नमुने फक्त गुरुवारी घेतले जात.

औषध पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचं होतं. बायकोला त्याआधी उत्तर हवं होतं. गुरुवारी घरी रक्त काढलं, पण मला वर्तमानपत्रात डेस्कवर ड्यूटी होती. तिच्या मामांचा एपीएमसी मार्केटात फळांचा गाळा होता. त्यांचा टेम्पो मुंबईला जाणारच होता. "जावईबापू, तुम्ही बिनघोर हापिसात जावा," ते म्हणाले. दोन्ही अटी आणि फ्रीज नको हेही मी त्यांना स्वतः सांगितलं.

संध्याकाळी प्रयोगशाळेतून ऑफिसात फोन आला. नळी थर्मासमध्ये, बर्फाच्या चुऱ्यात गाडून आली होती. पेशी वाढण्याची आशा नव्हती.

घरी पोचलो तर मामा चहा पीत बसले होते.

"मामा, नळी गार करायची नाही म्हणून सांगितलं होतं."

"फ्रीज नको म्हणाला व्हता. बर्फाचं कुठं बोलला?"

"एकच झालं ना ते!"

"एकच कसं? पोलिओचा डोस बर्फातनंच नेत्यात का न्हाई? आन् हे तर पोरीचं रगत. एवढ्या उन्हात मी माझी द्राक्षंबी तशी पाठवत न्हाई."

"द्राक्षं पुढे वाढवायची नसतात, मामा," बायको आतून म्हणाली. "या पेशी वाढवायच्या होत्या."

मामांनी कप खाली ठेवला. "मग पुन्यांदा काढा की. अंगात काय कमी हाय व्हय?"

तर्क बिनचूक होता, म्हणूनच जास्त चीड आली. पुन्हा काढायचं म्हणजे पुढच्या गुरुवारपर्यंत थांबायचं, मग पेशी वाढेपर्यंत, मग त्या मोजून होईपर्यंत. तोवर औषध नाही. डॉक्टरांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "पायाची जबाबदारी तुमची."

"पाय माझाच आहे," ती म्हणाली.

दुसरा नमुना मी रजा टाकून स्वतः नेला, शर्टाच्या खिशात. निकाल घ्यायलाही मीच गेलो. तुटलेली गुणसूत्रं निरोगी माणसापेक्षा काहीशी जास्त होती.

"आजारामुळे?" मी बाईंना विचारलं.

"सांगता येणार नाही."

"की यामुळेच आजार?"

"तेही नाही."

"मग औषध घ्यावं का?"

"त्यासाठी ही तपासणी नाहीच आहे. तूट आहे, एवढंच आम्ही म्हणू शकतो."

अशी बातमी आमच्या डेस्कवर आली असती तर मी वार्ताहराला परत पाठवली असती. इथे परत पाठवायला कोणी नव्हतं. बाई खरं तेच सांगत होत्या. डॉक्टरांनी तो कागद वाचून बाजूला सरकवला. संशोधनाचा आहे, उपचाराचा नाही, म्हणाले.

बायको तोवर काठी घेऊन चालू लागली होती. तिने डॉक्टरांना विचारलं, "या औषधाने नव्या तुटी होणार, हे नक्की?"

"होणार. त्याचं कामच ते आहे."

"पाय सुधारेल, हे नक्की?"

"शक्यता आहे."

"मग नको. निदान आत्ता नको."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मी तिची समजूत काढावी, अशी अपेक्षा दिसली. काढायला माझ्याजवळ तिच्यापेक्षा जास्त माहिती नव्हती. त्यांच्याजवळही नव्हती, फक्त ते तसं म्हणत नव्हते.

सोमवारी आम्ही औषधासाठी दवाखान्यात जाण्याऐवजी तिच्या शाळेत गेलो आणि तिच्यासाठी तळमजल्यावरचे वर्ग मागितले.