गालीली हेल

गुड फ्रायडेला आमच्या पुण्यातल्या चर्चमध्ये नव्याने आलेल्या एका बाईंनी शास्त्रपाठ वाचला. येशूला धरून नेल्यावर त्याचा शिष्य पेत्र शेकोटीपाशी त्याची ओळखच नाकारतो, पण लोक त्याला गालीली बोलीवरून पकडतात. बाईंचा नगरकडचा हेल ऐकून मागच्या बाकांवर खसखस पिकली. मीही हसले. मी इतकी वर्षं घासून घालवलेला तो हेल माझ्या आईचा होता. पेत्राला निदान जिवाची भीती होती. मला कसली होती?

बाहेर बाईंनी विचारलं, “ताई, तुमी आमच्या नगरकडच्याच का?”

“नाही हो, मी इथलीच.”

“बरं,” त्या हळूच म्हणाल्या. माझ्या नकारातला हेल आम्हा दोघींनाही ऐकू आला होता.